सासूबाईंच्या अभंगातलं नाव

माझ्या लग्नात तांदळाच्या ताटात माझंच नाव लिहिलं गेलं. आमच्याकडे असं होत नाही. मी मुरबाडकडची, लग्न करून किन्हवलीच्या पुढच्या एका गावात आले. वरात दारात उतरली, माप ओलांडून झालं, लक्ष्मीपूजनाला बसलो. भटजींनी ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याच्या हातात अंगठी दिली आणि विचारलं, "नवरीचं नाव काय ठेवायचं?" नणंदांनी दोन-तीन नावं शोधून ठेवली होती. त्यांच्या भावाच्या नावाला जुळतील अशी, सिरियलमधली. एक नणंद सांगणार तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "हाय तेच लिवा."

भटजी म्हणाले, "अहो, रीत आहे."

"मंग रीत करा की. तिचं हाय ते नाव लिवा. तांदूळ काय नवीन नाव मागत नाय."

पाहुणे हसले. नणंदांची तोंडं उतरली. नवऱ्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि अंगठीनं माझंच नाव लिहिलं. 'र' काढताना तांदूळ सरकले, ते त्यानं बोटानं सारखे केले. मला बरं वाटलं, पण सासूबाईंनी असं का केलं ते कळलं नाही. विचारायची हिंमतही नव्हती. त्या फार बोलायच्या नाहीत. कामात असल्या की गुणगुणायच्या, एवढंच.

ते गुणगुणणं त्यांचं स्वतःचं असतं हे कळायला मला बरीच वर्षं लागली. लावणीच्या वेळी शेतात बाया गातात, जुनी गाणी असतात, कुणाची कुणाला ठाऊक नसतं. सासूबाईही त्यातलंच काहीतरी म्हणत असतील असं मी धरून चालले होते. एकदा त्या धुणं धुताना गात होत्या, आणि त्या ओवीत आमच्या विहिरीवरची मोटर आली. आठवड्यापूर्वीच ती जळली होती. मोटर जळली, देवा, आता तूच दोर धर, असं काहीतरी होतं. मी बादली खाली ठेवली.

"आई, हे कुणाचं गाणं?"

"कुणाचं नाय."

"म्हणजे तुमचं?"

"माझं कशाचं. आलं ते बोलले." आणि त्या चादर पिळायला लागल्या.

मी शहापूरच्या बाजारात एका पत्रिका छापायच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसते. लग्नसराईत मान वर करायला वेळ नसतो. पत्रिकेच्या डोक्यावर देवांची नावं लागतात. गणपती सगळ्यांचा. मग कुलदैवत, मग गावदेवी, मग आजोळचा देव. एखादा देव राहिला तर माणसं गठ्ठा घेऊन परत येतात, आणि बरोबरही आहे, देवाला बोलावलं नाही तर तो कसा येणार. या कामामुळे शहापूर-मुरबाड दोन्ही तालुक्यांतले बरेचसे देव मला पत्त्यासकट पाठ झाले. पत्रिकेत नवरीचं नाव मी लिहायचे, आणि वर्षा-दोन वर्षांनी त्याच घरातून बारशाची पत्रिका यायची तेव्हा आईच्या जागी भलतंच नाव असायचं. पहिल्यांदा मला वाटलं होतं की नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. दुकानाचे मालक हसून म्हणाले, "अगं, तीच ती. नाव बदललंय."

आमच्या गावात बायकांचं भजनी मंडळ आहे. किन्हवलीच्या एक निवृत्त शिक्षिका पेटी वाजवतात आणि शिकवतात. त्यांना सगळ्या बाई म्हणतात. गावदेवीच्या देवळात दुपारची तालीम असते. सासूबाई मागच्या रांगेत बसून टाळ वाजवायच्या. आवाज चांगला असूनही पुढे जायच्या नाहीत. मोटर जळली त्या वर्षी नवरात्रात एका संध्याकाळी आमच्या मंडळाचं भजन ठरलं होतं आणि बाई नवीन अभंग शोधत होत्या. मी सुट्टी म्हणून तालमीला गेले होते. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "बाई, आमच्या आई स्वतः करतात."

सासूबाईंनी टाळ थांबवून माझ्याकडे रोखून बघितलं.

"काय करतात?" बाईंनी विचारलं.

"गाणी. देवीची पण आहेत."

मग सगळ्याच मागे लागल्या. सासूबाई आधी नाय नाय म्हणाल्या. शेवटी डोळे मिटून, टाळ मांडीवर ठेवून त्यांनी म्हटलं,

चुलीच्या जाळात । भल्या पहाटेला ।
जाग येते तुला । माझ्याआधी ॥

भाताच्या लोंबीत । दूध भरताना ।
तुझाच तो पान्हा । वळखिला ॥

 बाहेर शेतात भात लोंबीला आलंच होतं. बाईंनी पेटीवर सूर शोधला, पुन्हा म्हणायला लावलं, स्वतः मागे म्हणून बघितलं. मग विचारलं, "पुढे?"

"संपलं."

"असं कसं संपलं? मुद्रा कुठाय?"

सासूबाईंना मुद्रा म्हणजे काय ते माहीत नव्हतं, मलाही नीटसं नव्हतं. बाईंनी समजावलं. संतांच्या अभंगात शेवटच्या कडव्यात करणाऱ्याचं नाव येतं. अमका म्हणे, तमकी म्हणे. ते नाव म्हणजे मुद्रा. "तुम्ही आपलं नाव घाला. नाहीतर लोक विचारतील कुणाचं, आणि आपण सांगणार, कुणाचं नाही. चांगल्या अभंगाला असं बेवारशी का सोडायचं?"

घरी येताना सासूबाई पुढे आणि मी मागे. वाटेत त्या एकच वाक्य बोलल्या, "तुला कोणी सांगितलतं गो?" पण आवाजात राग नव्हता.

दोन-चार दिवस असेच गेले. मी रोजच्यासारखी शहापूरला जात-येत होते. एका संध्याकाळी आम्ही दोघी ओटीवर तांदूळ निवडत बसलो होतो, तेव्हा त्यांनी आपण होऊन विषय काढला.

"नाव घालायचं तर कुठलं घालू?"

"कुठलं म्हणजे? तुमचं."

"कुठलं माझं?"

मला प्रश्न कळेना. रेशनकार्डावर, मतदार यादीत, सगळीकडे त्यांचं नाव लक्ष्मी होतं. गावात त्यांना लक्षुमी म्हणत.

"माहेरी माझं नाव अंबा," त्या म्हणाल्या. "माझ्या आईनं अंबाबाईला नवस केलता, मंग मी झाले. म्हणून अंबा. हिथं लग्न होऊन आले तर हिथली गावदेवीबी अंबाच. तुझी आजेसासू मांडवातच बोलली, देवीच्या नावानं हाक मारून सुनेला शेण काढायला कशी सांगू? पाप लागंल. मंग ताटात लक्ष्मी लिवलं."

मी म्हणाले, "पण आई, लक्ष्मी पण देवीच ना?"

सासूबाई इतक्या हसल्या की सुपातले तांदूळ सांडले. "मीबी तेच बोलले! मनात हां. पर लक्ष्मी पडली घरातली. केरसुणीलाबी आपण लक्ष्मीच बोलतो. तिला कामाला लावली तर चालतं."

हसू ओसरल्यावर त्या सांडलेले तांदूळ वेचत राहिल्या. आजेसासू वाईट नव्हती म्हणाल्या. तिनं भीतीपोटी केलं, पुढे सुनेला जीवही लावला. "ह्या नावानं मला सगळ्यांनी हाका मारल्या आन मी ओ दिली. माझी काय तक्रार नाय. पर गाणं येतं ना गो, ते लक्ष्मीला येत नाय. ते त्या आधीच्या बाईला येतं."

मग मला लग्नातलं ते ताट आठवलं. "म्हणून तुम्ही माझं नाव..."

"मंग काय! चांगलं होतं तुझं नाव. कशाला मोडायचं?"

मी इतकी वर्षं त्या घरात राहत होते. त्यांना कुठली भाजी आवडते, कुठला गुडघा दुखतो हे मला माहीत होतं. नाव माहीत नव्हतं.

पुढच्या तालमीला सासूबाई शेवटचं कडवं घेऊन गेल्या.

अंबा म्हणे आता । नको साडीचोळी ।
ओवी एक भोळी । पुरे मला ॥

बाई खूश झाल्या. बायकांनी एकदा सुरात म्हणून बघितलं. तेवढ्यात देवळाची पूजा करणारे गुरवमामा गाभाऱ्यातून बाहेर आले. हातात निर्माल्याची टोपली तशीच. माणूस भला, कुणाला दुखवायचे नाहीत, पण चेहरा चिंतेचा झाला होता.

"वयनी, ह्ये काय बोलता तुमी? अंबा म्हणे, नको साडीचोळी? नवरात्रात देवीच्या समोर बसून तुमी बोलणार देवीला साडीचोळी नको? बाया ओटी भरायच्या बंद होतील!"

"देवी नाय बोलत, मी बोलतेय," सासूबाई म्हणाल्या. "अंबा म्हंजे मी."

"तुमी लक्ष्मी."

आता हे सगळ्यांना समजावून सांगायचं म्हणजे पंचाईत. सासूबाईंनी थोडक्यात सांगितलं. बायका चकित झाल्या, पण गुरवमामांची अडचण खोटी नव्हती. त्या गावात अंबा म्हणे असं ऐकल्यावर लोकांना देवीशिवाय दुसरं कोण आठवणार? बाईसुद्धा विचारात पडल्या. मग जो तो सुचवायला लागला. एकजण म्हणाली, लक्ष्मी म्हणे करा, कशाला वाद. दुसरी म्हणाली, अंबादासी म्हणे करा, संतांसारखं वाटेल.

"दासी तर हायेच मी समद्यांची," सासूबाई म्हणाल्या. "नावातबी परत तेच कशाला?"

बायका हसल्या. त्या हसल्या नाहीत. टाळ खाली ठेवून उठल्या. "ऱ्हाऊ द्या. जुनाच कुठला तरी बोला," म्हणून त्या निघून आल्या. दुसऱ्या दिवशी तालमीला गेल्या नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही. घरात गुणगुणणंही थांबलं. भांड्यांचा आवाज तेवढा यायचा. मला फार वाईट वाटत होतं. मी बाईंना सांगितलंच नसतं तर त्यांचं गाणं निदान धुण्याच्या दगडाजवळ तरी चाललं असतं. नवरा म्हणाला, "तू बोल तिच्याशी." मी म्हणाले, "तूच बोल, तुझी आई आहे." तो म्हणाला, "मामाकडे तिला कायतरी लाडानं हाक मारतात, एवढंच. तिचं खरं नाव मला पण आत्ताच कळलंय." 

घट बसले त्या दिवशी मामा आले. सासूबाईंचे थोरले भाऊ. मुरबाडकडून एसटीनं, पिशवीत आपल्या वेलाच्या गावठी काकड्या घेऊन. वय झालंय, कानानं कमी ऐकू येतं, त्यामुळे सगळ्यांशी मोठ्यानं बोलतात. दर वर्षी दिवाळीला सासूबाईच माहेरी जायच्या. मामा आमच्याकडे फारसे यायचे नाहीत. त्या दिवशी का आले विचारलं तर म्हणाले, काकड्या लई झाल्या. अंगणातूनच त्यांनी आवाज दिला,

"आमची अंबी हाय का घरात?"

सासूबाई आत पीठ मळत होत्या. तसेच पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या. त्यांना इतक्या झटकन चालताना मी त्या वर्षभरात पाहिलं नव्हतं.

मामा ओटीवर टेकले. मी पाणी दिलं. सासूबाई चहा ठेवायला आत गेल्या तर मामांचं बाहेरून चालूच. "अंबी, साखर कमी घाल गो. अंबी, तुझ्या गुडघ्याचं काय झालं?" मी चुलीपाशी होते. सासूबाई हातात गाळणी धरून थांबल्या होत्या. चहा उतू जायला आला तो मीच उतरवला. त्या तशाच बाहेर गेल्या.

"दादा, परत बोल."

"काय?"

"नाव बोल माझं."

"अंबी," मामा म्हणाले. "का गो? इसरलीस काय?"

"देवीला कोण अंबी बोलतं काय रे?"

मामांना आधी ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा विचारल्यावर ते हसायला लागले. "देवीला? खुळी का काय तू! देवीला अंबाबाई बोलतात, अंबामाता बोलतात. अंबी कोण बोलंल? अंबी म्हंजे तू. दिवसभर नदीवर पडून असायचीस ती."

सासूबाईंनी गाळणी माझ्या हातात दिली, हात पदराला पुसले आणि डोक्यावरून पदर घेऊन सरळ देवळाकडे निघाल्या. मामांना म्हटलं चहा घ्या, आणि मी सासूबाईंच्या मागे.

गुरवमामा पायऱ्या धुत होते. सासूबाई खालूनच म्हणाल्या, "अंबी म्हणे. आता बोला."

गुरवमामांनी झाडू बाजूला ठेवला. तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून बघितलं. अंबी म्हणे आता, नको साडीचोळी. पुन्हा म्हणून बघितलं. "ह्ये बाईमाणसाचं वाटतं," ते म्हणाले. "देवीचं नाय वाटत."

"मंग?"

"मंग बोला की. देवी रागावली तरी तुमच्यावर रागावंल, माझ्यावर नाय."

बाईंना मी फोन केला. त्यांनी फोनवरच म्हणून बघितलं आणि म्हणाल्या, "मात्रा, अक्षरं सगळं तेच. काहीच बदलावं लागत नाही. मला कसं सुचलं नाही?"

आमच्या भजनाच्या संध्याकाळी देऊळ भरलं होतं. मामा राहिले होते, ते सगळ्यात पुढे बसले, पेटीला चिकटून, म्हणजे ऐकू यावं. सासूबाईंना बाईंनी मागच्या रांगेत जाऊच दिलं नाही. पहिली दोन भजनं झाली आणि मग हा अभंग. सासूबाईंचा आवाज सुरुवातीला कापरा होता. लोंबीच्या कडव्याला सरळ झाला. शेवटच्या कडव्यात 'अंबी म्हणे' आलं तेव्हा मामांनी मान वर केली आणि आजूबाजूला बघितलं, जणू कुणीतरी बहिणीला हाक मारली. मग त्यांना कळलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि भजन संपेपर्यंत तशीच धरून बसले.

देवीला साड्या यायच्या बंद झाल्या नाहीत. गुरवमामांनी मला मुद्दाम थांबवून सांगितलं, त्या वर्षी गाभाऱ्यात ठेवायला जागा पुरली नाही.

पण मला त्या संध्याकाळचं लक्षात राहिलं ते नंतरचं. प्रसाद वाटून झाला, पुरुष मंडळी गेली, बायका चपला शोधत पायऱ्यांवर रेंगाळल्या होत्या. आमच्या शेजारच्या काकू एकदम म्हणाल्या, "माझंबी नाव वेगळं होतं." आणि त्यांनी ते सांगितलं. एका नदीचं नाव होतं. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या एकीचं फुलाचं निघालं. एकजण बुधवारी जन्मली म्हणून तिचं नाव वारावरून ठेवलं होतं, ते सासरी कुणाला आवडलं नाही. एका म्हातारीला आठवायलाच वेळ लागला. आठवलं तेव्हा ती स्वतःशीच दोन-तीनदा म्हणाली. वर्षानुवर्षं एका विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका, एकमेकींच्या नवऱ्यांची खोकल्याची औषधंसुद्धा माहीत असलेल्या, त्या दिवशी नव्यानं ओळख करून घेत होत्या. एकजण म्हणाली, "मी ह्या नावातच बरी आहे बाई, ते जुनं मला आवडायचंच नाय." तेही सगळ्यांना पटलं.

मग मंडळात लाटच आली. शेजारच्या काकूंनी नदीच्या नावाची मुद्रा घालून एक अभंग केला. चालीत बसता बसत नव्हता, पण बाईंनी तो दुरुस्त केला नाही, चालच जरा बदलली. आता तालमीला टाळापेक्षा बोलणंच जास्त होतं, असं बाई कुरकुरतात, आणि मुद्दाम लवकर येऊन बसतात.

माघ महिन्यात भातसानगरच्या कॉलनीतून बोलावणं आलं. तिथल्या बायकांचं हळदीकुंकू होतं, भजन पाहिजे होतं. धरणावर काम करणाऱ्यांची कुटुंबं, कुठून कुठून बदलून आलेली. आम्ही टेम्पो करून गेलो. तिथे माइक होता. सासूबाईंनी माइकपासून हातभर लांब बसून अभंग म्हटला. कार्यक्रम झाल्यावर एक बाई मुद्दाम आमच्याजवळ आल्या. विदर्भाकडच्या असाव्यात, बोलण्यावरून वाटलं. त्यांनी पेटीवाल्या बाईंना विचारलं, "ह्या अंबी कोणत्या काळातल्या संत? मी कधी ऐकलं नव्हतं."

बाई काही सांगणार तेवढ्यात सासूबाईंनी वाणाची पिशवी सावरत उत्तर दिलं. "संत नाय हो. किन्हवलीकडची हाय."

"कुठे राहतात? भेटता येईल का?"

"भेटलीच की तुमाला," सासूबाई म्हणाल्या, आणि त्या बाईंनी चटकन वाकून त्यांच्या पायाला हात लावला. सासूबाई इतक्या गडबडल्या की त्यांनीही वाकून त्या बाईंच्या पायाला हात लावला. दोघींची डोकी आपटली.

परत येताना टेम्पो धरणाच्या कडेकडेनं चालला होता. ऊन कलतं होतं. खाली एवढं मोठं पाणी पसरलेलं. बायका वाणात काय काय मिळालं ते एकमेकींना दाखवत होत्या. सासूबाई पाण्याकडे बघत होत्या.

"एवढं पानी मुंबईला जातं," त्या म्हणाल्या, "आन आपल्या वरच्या पाड्याला उन्हाळ्यात टँकर. हे देवीला इचारायला पायजेल."

"इचारा की," काकू म्हणाल्या.

"गप जरा. येतंय."

टेम्पोतल्या सगळ्या बायका गप्प झाल्या. ड्रायव्हरनं मागे वळून बघितलं, काय झालं म्हणून, आणि त्यानं गाडी जरा हळू केली.